गालाला पडलेला घट्टा

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यात एक बाई रिपोर्टचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या असतील, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या. उजव्या गालात, खालच्या दाढा आणि गाल यांच्यामध्ये जी खोबण असते तिथे, त्यांना पांढरा चट्टा होता. दुसरीकडे तुकडा काढून तपासायला दिलेला. रिपोर्टात लिहिलं होतं : हायपरकेराटोसिस, अकॅन्थोसिस, डिस्प्लेसिया नाही. तो कागद कुणीतरी वाचला आणि त्यांना दोनच शब्द सांगितले, "पेशी वाढल्यात." दोन दिवस त्या बाई जेवल्या नव्हत्या. धाकटीचं लग्न याच वर्षी उरकायचं का, हे घरात बोलून झालं होतं. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, किती दिवस ऱ्हायलेत तेवढं सरळ सांगा."

त्या रिपोर्टातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द शेवटचा होता. 'नाही'. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आज मी बोलणार आहे ते त्या 'पेशी वाढल्यात' याबद्दल. कुठल्या पेशी, कुठे, किती, आणि वाढल्या म्हणजे नक्की काय झालं, हे मला तुमच्यासमोर नीट उलगडायचं आहे, कारण या दोन शब्दांनी माणसं विनाकारण खचतात. आणि याच्या उलटही होतं. "साधा चट्टा आहे, काही नाही" हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि पाच वर्षांनी उशिरा येतो. तेही मी पाहिलं आहे.

मी तोंडाच्या आजारांची पॅथॉलॉजिस्ट. पेशंट सहसा आमच्यापर्यंत येत नाहीत, त्यांचा तुकडा येतो. फॉर्मलिनच्या छोट्या बाटलीत मसुरीच्या डाळीएवढा कण, रंग उडालेला. रात्रभर त्यातलं पाणी काढून तिथे मेण भरायचं, मेणाची वडी करायची आणि ती मायक्रोटोमवर कापायची. एकेक काप चार-पाच मायक्रॉनचा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार-पाच. हे काप फितीसारखे एकमेकांना चिकटून बाहेर येतात, कोमट पाण्यावर तरंगतात, आणि तिथून काचेवर अलगद उचलायचे. मग दोन रंग. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, बाकी सगळं गुलाबी. आता मी जे सांगणार आहे ते सगळं या काचेवर दिसतं.

निरोगी गाल आधी बघू. शाळेत तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रयोग केला असेल : गालाच्या आतून काडीने हलकंसं खरवडायचं, काचेवर पसरायचं, मिथिलीन ब्लू टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. मोठ्या, चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध एक निळा ठिपका. त्या पेशी म्हणजे अस्तराचा सगळ्यांत वरचा थर. तुम्ही खरवडल्या नसत्या तरी थोड्या वेळाने त्या लाळेत गळून पडणारच होत्या. प्रत्येक घासाबरोबर आपण आपल्या गालाच्या हजारो पेशी गिळत असतो.

गळतात म्हणजे त्यांची जागा भरलीही जाते. ती भरते तळातून. गालाचं अस्तर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. त्याच्या अगदी तळाशी पेशींची एक ओळ असते. या तळओळीत आणि तिला लागून वरच्या एक-दोन ओळींत पेशींचं विभाजन होतं. एकीच्या दोन. त्यातली एक तळाशी राहते, दुसरी वर सरकायला लागते. वर जाताना ती फुगते, मग चपटी होते, शेवटी गळते. तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास गालात साधारण दोन आठवड्यांचा. हातापायांच्या कातडीला यासाठी महिना किंवा त्याहून जास्त लागतो. गरम चहाने पोळलेला गाल आठवडाभरात भरून येतो, त्यामागे हेच आहे. थोडक्यात, पेशी वाढणं हा गालाचा रोजचा उद्योग आहे. ज्या दिवशी तो थांबेल त्या दिवशी तोंडात जखमा होतील. केमोथेरपी घेणाऱ्यांना तोंड येतं ते याच कारणाने.

मग चट्टा पांढरा का दिसतो? गाल गुलाबी दिसतो तो आतल्या रक्तवाहिन्यांमुळे, कारण वरचं अस्तर पातळ आणि पारदर्शक असतं. त्या अस्तरावर केराटिनचा, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या चिवट प्रथिनाचा, जाड थर चढला की रक्ताची लाली झाकली जाते. त्यात भर लाळेची. भातलावणी करून आलेल्या माणसाचे तळवे बघा, दिवसभर पाण्यात राहून पांढरेफटक झालेले असतात. केराटिन पाणी पितं आणि पांढरं दिसतं. तळपायाला दिवस मिळाला की तो सुकतो, पूर्ववत होतो. तोंडात मात्र पाणी चोवीस तास. म्हणून गालावरचं केराटिन कायम भिजलेलं, कायम पांढरं.

शाळेतला तोच प्रयोग अशा चट्ट्यावर केला, तर बऱ्याचदा चपट्या पेशींमधला निळा ठिपका गायब असतो. केंद्रक नाही, नुसती केराटिनची टरफलं. कष्टाच्या हाताला घट्टे पडतात तसा गालाला घट्टा पडलेला आहे. मावशींना मी हेच सांगितलं. "कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टा पडतो ना, तसा गालाला पडलाय." त्यांना ते लगेच कळलं, आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते : "मग गालानं कुदळ कवा धरली?"

उत्तर त्यांच्या कमरेच्या पिशवीत होतं. मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून पूड केलेली. दात घासायला म्हणून सुरू होते, सासरी आल्यावर सासू-नणंदांबरोबर सवय लागते, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा, घासून झाल्यावरही तशीच खोबणीत राहते. पुरुषांचं चुना लावून मळलेल्या तंबाखूचं. चुना क्षारधर्मी, त्याने निकोटिन लवकर सुटतं आणि पटकन भिनतं. तोच चुना अस्तरालाही पोळतो. ज्या ठिकाणी बार धरतात, बरोबर त्याच ठिकाणी अस्तर सुरकुततं, जाड होतं, करडं-पांढरं पडतं. काहीजण डाव्या गालात जळजळ व्हायला लागली की बार उजव्या गालात ठेवायला लागतात. काही आठवड्यांनी बघावं तर डावीकडचा चट्टा विरत चाललेला आणि उजवीकडे नवीन उमटत असलेला.

आता हिशेब. घरात माणसं किती, हे फक्त किती जन्मली यावर ठरत नाही. किती बाहेर पडली हेही मोजावं लागतं. अस्तराची जाडीही तशीच. तळाशी विभाजन वाढलं तर अस्तर जाड होतं. विभाजन होतं तेवढंच राहिलं पण वरच्या पेशी वेळेवर गळेनाशा झाल्या, तरीही जाड होतं. दोन्हीकडे चट्टा पांढराच. नुसत्या डोळ्यांनी बघून कुणालाही सांगता येणार नाही की यात वाढ किती आणि साठलेलं किती. रिपोर्टातला हायपरकेराटोसिस हा शब्द वर साठलेल्या केराटिनबद्दल आहे. अकॅन्थोसिस म्हणजे मधला थर जाड झालाय. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ कर्करोग नाही.

विभाजन खरंच किती होतंय हे बघायचं असेल तर वेगळा रंग वापरावा लागतो. 1983 साली जर्मनीतल्या कील शहरात योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रतिपिंड शोधलं. ते ज्या प्रथिनाला चिकटतं ते प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीच्या केंद्रकातच असतं, विश्रांती घेणाऱ्या पेशीत नसतं. त्याचं नाव के-आय-67. कील शहराची पहिली दोन अक्षरं, आणि प्रयोगाच्या ताटलीतल्या ज्या खळग्यात ते सापडलं त्याचा क्रमांक. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत हे नाव रोज उच्चारलं जातं.

या रंगात चक्रातल्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. निरोगी गालाच्या काचेवर तपकिरी ठिपके तळाच्या जवळ दिसतात, आणि गंमत अशी की अगदी तळओळीत ते कमी असतात. बहुतेक तिच्या लगेच वरच्या ओळीत. तळओळीतल्या अनेक पेशी राखून ठेवलेल्या बियाण्यासारख्या शांत असतात. वर नजर नेली की ठिपके संपतात. मधल्या आणि वरच्या थरात एकही नाही, कारण वर निघालेली पेशी विभाजनाचं काम खाली सोडून आलेली असते.

आता निरुपद्रवी पांढऱ्या चट्ट्याची काच. तपकिरी ठिपके सहसा जास्त असतात. हे मी लपवणार नाही. पण ते सगळे खालच्याच ओळींत, आपापल्या जागी. पंगतीला माणसं वाढली, पानं दाटीने मांडली, पण पंगत मोडली नाही. मी काचेवर सगळ्यांत आधी तेच बघते. ठिपके किती, यापेक्षा ठिपके कुठवर चढलेत.

नुसती संख्या कशी फसवते ते सांगते. बऱ्या होत असलेल्या साध्या जखमेच्या काठावरचा तुकडा घेतला, तर तिथे विभाजन जोरात चाललेलं दिसतं. बुरशीचा संसर्ग असेल तरी ठिपके वाढतात. यातली एकही गोष्ट कर्करोग नाही. शिवाय मोजणीही सगळीकडे एकसारखी होत नाही. कुणी हजार पेशी मोजतो, कुणी जिथे ठिपके दाट आहेत तीच जागा निवडतो. म्हणून कुणी तुम्हाला के-आय-67चा एक आकडा दाखवून सांगितलं की याच्या वर म्हणजे वाईट आणि खाली म्हणजे चांगलं, तर गालाच्या चट्ट्यापुरतं ते मानू नका. रोजच्या निदानात आजही साध्या गुलाबी-निळ्या रंगाची काच आणि ती वाचणारी नजर, यांवरच निर्णय होतो.

पंगत मोडते तेव्हा काय दिसतं? तळाच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी वर चढलेल्या. केंद्रकं मोठी, गडद, एकमेकांशी न जुळणारी. मधल्या थरातच विभाजन चाललेलं, जिथे ते व्हायलाच नको. वर जाताना पेशीने जे प्रौढ व्हायचं असतं ते ती होत नाही. याला डिस्प्लेसिया म्हणतात. खालच्या तिसऱ्या भागापुरता असेल तर सौम्य, मधल्यापर्यंत गेला तर मध्यम, त्याच्याही वर गेला तर तीव्र. सौम्य डिस्प्लेसिया असलेले चट्टेही तंबाखू सोडल्यावर मागे फिरलेले पाहण्यात आहेत. पण डिस्प्लेसिया हा शब्द रिपोर्टात असला तर तारीख चुकवायची नाही.

आता थोडं आपल्या मातीबद्दल. अशा पांढऱ्या चट्ट्यासाठी वापरला जाणारा 'ल्यूकोप्लेकिया' हा शब्द 1877 साली हंगेरीच्या श्विमर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने रूढ केला. पण तंबाखू आणि हा चट्टा यांचं नातं लोकांच्या घरी जाऊन, तोंड उघडायला लावून तपासण्याचं जे प्रचंड काम झालं, ते भारतात झालं आणि त्याचं केंद्र मुंबई होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता तो चालवत, आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग त्यांच्याबरोबर काम करत. 1960च्या दशकात त्यांनी गुजरात, केरळ, आंध्र आणि बिहारमधल्या पाच जिल्ह्यांत पन्नास हजारांवर गावकऱ्यांची तोंडं तपासली. नंतर आपल्या पुणे जिल्ह्यात आले आणि 1,01,761 लोक तपासले. ते निष्कर्ष 1972 साली प्रसिद्ध झाले. एक लाखावर माणसं, धुळीच्या रस्त्यांवरून गावोगाव जाऊन, एकेक गाल ओढून बघितलेला. दवाखान्यात येणारे लोक आधीच आजारी असतात. गावात नेमकं काय आहे ते गावातच जाऊन कळतं, हे त्यांनी ओळखलं होतं. या कामाची आठवण महाराष्ट्रात फारशी निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

त्याहून मोलाचं काम पुढचं. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत 36,000 तंबाखू वापरणाऱ्या माणसांना गाठून, एकेकाशी बोलून, तंबाखू सोडायला सांगितलं गेलं आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. 1986 साली प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी निकाल मांडला : ज्यांच्याशी असं बोललं गेलं त्यांच्यात नवे चट्टे कमी झाले. ना औषध, ना शस्त्रक्रिया. समोर बसून बोलणं.

बाकीच्या पांढऱ्या डागांविषयी थोडक्यात. कापसाने पुसून निघतो तो बहुधा बुरशीचा. गाल ताणल्यावर नाहीसा होतो तो ल्यूकोएडिमा, त्याला काही करायचं नसतं. दातांच्या रेषेत गालावर एक पांढरी ओळ असते, ती कित्येकांना असते. गाल चावायची सवय, टोकदार दाढ, सैल कवळी, यांनी पडलेला घट्टा कारण काढलं की दोन-चार आठवड्यांत जातो. जाळीसारख्या पांढऱ्या रेघा असतील तर लायकेन प्लॅनस, म्हणजे अस्तराला दीर्घकाळ सूज आणणारा एक आजार, असू शकतो, तो दाखवायला हवा. तोंड उघडायला कमी व्हायला लागलं, तिखट सोसेना, अस्तर फिकट आणि ताठ झालं, तर ते सुपारी-गुटख्याचं काम. तो आजार वेगळा आणि त्यावर एक वेगळं व्याख्यान हवं.

यातलं काहीच नाही आणि चट्टा तरी आहे, त्याला ल्यूकोप्लेकिया म्हणायचं. म्हणजे हे नाव बाकी सगळं वगळल्यावर उरतं. यांतले बहुसंख्य चट्टे कधीच कर्करोग होत नाहीत. अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली तर वर्षाला शंभरात साधारण एक, असा अंदाज दिला जातो. शंभरात एक म्हणजे घाबरून अन्न सोडण्याजोगं नाही, आणि विसरून जाण्याजोगंही नाही. लाल-पांढरा मिसळलेला, खरबरीत गाठी असलेला, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असलेला चट्टा जास्त जोखमीचा. निव्वळ लाल, मखमली चट्टा तर सगळ्यांत जास्त. तो दुखत नाही म्हणून लोक थांबतात, तसं थांबू नका.

एक अपवाद मला सांगितलाच पाहिजे, कारण मघापासून मी पंगत मोडली नाही तर घाबरू नका असं म्हणते आहे. 1985 साली हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी चट्ट्याचा एक प्रकार वर्णन केला, प्रोलिफरेटिव्ह व्हेरूकस ल्यूकोप्लेकिया. बऱ्याचदा वयस्क बायकांत, पुष्कळदा तंबाखूचा संबंधही नसताना. एक चट्टा, मग दुसरा, मग हिरडीवर पसरत जाणारा, चामखिळीसारखा. पहिली काही वर्षं काचेवर तो अगदी निरुपद्रवी दिसतो. फक्त केराटिन जाड. आणि तरी तो परत परत येतो आणि त्यातल्या फार मोठ्या भागाचा पुढे कर्करोग होतो. इथे एका दिवसाची काच पुरत नाही. दहा वर्षांच्या काचा शेजारी शेजारी मांडल्या तर गोष्ट दिसते. म्हणून आम्ही जुन्या काचा आणि मेणाच्या वड्या जपून ठेवतो, आणि म्हणून तुम्हीही जुने रिपोर्ट फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा.

दुसरी मर्यादा तुकड्याची. चट्टा दोन रुपयांच्या नाण्याएवढा आणि तुकडा मसुरीएवढा. तुकड्यात डिस्प्लेसिया नाही म्हणजे संपूर्ण चट्ट्यात कुठेच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. म्हणून तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवणं हेच कौशल्य असतं : जिथे लाली आहे, जिथे खरबरीत आहे, तिथून. आणि 'तुकडा काढला की आजार पसरतो', 'चाकू लागला की कॅन्सर होतो' ही भीती अजून घराघरांत आहे. तुकडा काढल्याने साध्या पेशीची कर्करोगाची पेशी होत नाही. तपासायचं टाळलं म्हणून मात्र माणसं गेली आहेत.

मग वाढलेल्या पेशी निरुपद्रवी असतील तर तंबाखू सोडायची कशाला, असं मला एका काकांनी तोंडावर विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल उतरवते. तंबाखूतले नायट्रोसमाइन, म्हणजे कर्करोग घडवू शकणारी रसायनं, त्या मूळ प्रतीवर डाग पाडतात. पेशी शांत असेल तर डाग दुरुस्त करायला तिला वेळ मिळतो. तंबाखूने एकीकडे डाग पडतायत आणि दुसरीकडे अस्तराला घाईने नकला उतरवायला लावलंय, तर दुरुस्तीआधीच डागासकट नक्कल होते आणि तो डाग पुढच्या पेशींत कायमचा जातो. कुदळीच्या घट्ट्याची उपमा इथे संपते. लाकडी दांड्यात नायट्रोसमाइन नसतात.

औषधांबद्दल लोक विचारतात. अ-जीवनसत्त्वाच्या वर्गातल्या औषधांनी चट्टे विरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे; औषध थांबवलं की पुष्कळदा परत येतात, आणि त्यांनी पुढचा कर्करोग टळतो असं सिद्ध झालेलं नाही. शस्त्रक्रियेने किंवा लेसरने चट्टा काढला तरी लक्ष ठेवणं सुटत नाही. गोळी मागणाऱ्याला हे सांगताना मला जड जातं, पण खरं आहे ते हेच.

मावशी सहा आठवड्यांनी परत आल्या. मी टॉर्च लावून, गाल बोटाने ओढून बघितलं. पुढच्या भागातली सुरकुती गेली होती आणि अस्तर गुलाबी झालं होतं, अगदी डाव्या गालासारखं. शेवटच्या दाढेजवळ मात्र बोटाच्या पेराएवढी पांढरी कड शिल्लक होती. मशेरी सोडलीत का विचारलं, तर म्हणाल्या, चार वेळची एक वेळ केली, सकाळची सुटत नाही. ती घेतल्याबिगर पोट साफ होत नाही. खोटं बोलल्या नाहीत याचा मला आनंद झाला. सकाळच्या वेळेचं काय करता येईल यावर आम्ही अर्धा तास बोललो. सुनेला आत बोलावलं, कारण तवा तिच्या हातात होता. मग शिल्लक कडेचा फोटो काढला, मोजपट्टी धरून. कागदावर तोंडाच्या आकृतीत ती जागा रेखली, शेजारी मिलिमीटर लिहिले, आणि पुढची तारीख बुधवारची दिली.

"बुधवार नको," त्या म्हणाल्या, "बाजार असतोय." मग शुक्रवार ठरला.